खालची ओळ

हेरंब अ‍ॅनिमे फक्त जपानी आवाजात पाहायचा. खाली इंग्रजी सबटायटल. डब केलेली एकही मालिका त्याच्या कपाटात नव्हती. आवाज काढून घेतला की अर्धा माणूस काढून घेतला, असं तो म्हणायचा. इतक्या शांतपणे म्हणायचा की वाद घालणाराच गप्प बसे.

तो चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या एका बँकेत कारकून होता. घर मैलापूरला, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत. घराणं तंजावरचं मराठी. देवेश, तो आणि मी एका कॉलेजात होतो. देवेशचे वडील आवडी नावाच्या उपनगरातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात, माझे रेल्वेत. मी तांबरमला राहायचे आणि अजून राहते.

हेरंब जपानहून ब्ल्यू-रेचे संच मागवायचा. चेन्नईच्या दमट हवेत आतल्या पुस्तिकांना बुरशी धरते. म्हणून प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या असत. खोकं हातात घेण्याआधी हात धुवायचे, हा नियम आम्हालाही होता.

दर रविवारी दुपारी आम्ही त्याच्या खोलीत बसायचो. देवेश डबवाला. स्वतःच्या घरी तमिळ आवाज लावला की तो पाय पसरून बसे.

"तू बघत नाहीस रे, वाचतोस," तो हेरंबला चिडवायचा. "तिकडे चित्रं काढून माणसांचे हात मोडले, आणि हा तळाची ओळ वाचतोय."

"तुझा सामुराई मांबलमच्या भाजीवाल्यासारखा बोलतो," हेरंब म्हणायचा.

बसायचं ते दुपारीच, म्हणजे आम्हाला बसपर्यंत सोडून हेरंबला उजेडात परतता येई. त्या घरातले पुरुष दिवेलागणीनंतर बाहेर पडत नसत. आजोबांच्याही आधीपासूनची ही शिस्त. हेरंबचे वडील कृष्णस्वामीराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण उजेड संपल्यावर त्यांना रस्त्यात कुणी पाहिलं नव्हतं. डिसेंबरात संगीत सभांमधल्या कचेऱ्या, म्हणजे गाण्याच्या मैफली, ते ऐकत, त्याही दुपारच्याच. संध्याकाळच्या मोठ्या गाण्याचा पास कुणी घरी आणून दिला तरी तो शेजाऱ्याला जाई. रावांच्या घरातले पुरुष संध्येला घरी असतात, असं गल्लीत आदराने सांगत. हेरंबही बँकेत लवकर जाई आणि लवकर निघे.

त्याची आई तुळसीबाई नवऱ्याला मामा म्हणत. ते खरोखरच त्यांचे सख्खे मामा होते. सासू-सासऱ्यांचंही नातं तेच. मुलगी बाहेर दिली नाही, हे त्या घरात मानाने सांगितलं जाई.

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही दीपगृहावर राहणाऱ्या एका मुलीची मालिका पाहत होतो. हेरंबने ती आधी कितीदा तरी पाहिली होती. मुलगी मैत्रिणीला सांगते की तिला बेट सोडून जायचंय. पुढच्या प्रसंगात तिचा आजोबा तिची पेटी भरून ठेवतो.

हेरंब म्हणाला, हा एक दोष आहे या मालिकेत. म्हाताऱ्याला कळलं कसं, ते दाखवतच नाहीत.

"दारात उभा होता की," देवेश म्हणाला.

"कुठल्या दारात?"

आम्ही मागे नेऊन लावलं. मुलगी बोलत होती. डावीकडे दारात म्हातारा येऊन उभा राहिला, डोळे पुसले, गेला. हेरंबने आपल्याला कुणी दिसलं नाही म्हणून सांगितलं. देवेशने पुन्हा लावलं आणि पडद्यावर दारापाशी बोट ठेवलं.

हेरंब बोटाकडे पाहत राहिला. म्हातारा त्याला दिसला.

मग त्याने विचारलं, "ओळ कुठं गेली?"

देवेश हसला. ओळ होती तिथंच होती. मी हेरंबकडे पाहिलं आणि देवेशचं हसू मध्येच थांबलं.

चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं हेरंबने ठरवलं. नवा चष्मा आला. फरक पडला नाही. समोरचं बारीक अक्षर तो आमच्याआधी वाचायचा, पण शेजारी ठेवलेला कॉफीचा टंबलर त्याच्या कोपराने सांडायचा. रस्ता ओलांडताना मान पाखरासारखी दोन्हीकडे वळवायचा. एकदा लझच्या चौकात एक स्कूटर कडेने सरळ त्याच्या अंगावर आली. मी दंड धरून ओढलं. तो मला रागावला. कुठली स्कूटर, म्हणाला.

डोळ्यांच्या इस्पितळात चल, असं मी म्हणत राहिले. तो टाळत राहिला. शेवटी एकदाच बोलला.

"मधू, चष्म्याने जात नाही म्हणजे काय असेल, ते मी वाचलंय. मला ते कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही."

शेवटी तुळसीबाईंनी धाडलं. सोबत कृष्णस्वामीराव आणि मी.

तिथे एक पांढरं घुमटासारखं यंत्र होतं. त्यात डोकं घालून समोर बघायचं. कडेला ठिणगीएवढा उजेड दिसला की बटण दाबायचं. आम्ही पडद्याबाहेर बसलो होतो. बटणाचा टिक टिक आवाज ऐकू येत होता. मग बराच वेळ तो आलाच नाही. यंत्र चालू असल्याची घरघर मात्र येत होती.

डॉक्टरीण बाईंनी आधी घरातली नाती विचारली. कृष्णस्वामीरावांनी ताठ बसून सांगितली. त्या कागदावर रेघा काढत होत्या. रेघा पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे वळत होत्या.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला संध्याकाळनंतर दिसत नाही का?

"तसं कुणी नाही," कृष्णस्वामीराव म्हणाले. "आमच्यात पुरुष संध्याकाळी बाहेर जातच नाहीत."

"का जात नाहीत?"

"रीत आहे."

"तुमचे वडील?"

"तेही नाहीत. त्यांचे मामाही नाहीत. कुणीच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. कृष्णस्वामीरावांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. हेरंब समोरच्या भिंतीकडे पाहत होता.

बाईंनी कृष्णस्वामीरावांनाही यंत्रापाशी बसवलं. त्यांचं बटण त्याहून कमी वाजलं. बाहेर येऊन ते म्हणाले, मला तर आयुष्यभर असंच दिसतंय. माणसाला दोन डोळे समोर आहेत, तो समोरचंच बघणार.

बाईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. डोळ्याचा पडदा कडेपासून विझत आत येतो. दोघांचाही येतोय. मुलाचा बापापेक्षा लवकर येतोय. औषध नाही. मधला उजेड किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही. हेरंबने एकच प्रश्न विचारला. चित्र आणि त्याखालची ओळ एका वेळी पुन्हा कधी दिसेल का? बाई म्हणाल्या, नाही. दोन्हींतलं एकच दिसेल.

निघताना उजेड सरला होता. डोळ्यांत घातलेल्या थेंबांनी दोघांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. दाराबाहेर चार-पाच पायऱ्या आणि पुढे रस्त्याचे दिवे. कृष्णस्वामीराव उंबऱ्याशी थांबले. पुढे काही नाहीच असे थांबले.

"इथंच बसूं," ते मुलाला म्हणाले. "उजाडलं की जाऊं."

"अप्पा, ते रात्री बंद करतात."

"बसूं देतील. सांगून बघ की."

त्यांचा आवाज लहान झाला होता. हेरंबने त्यांचा हात शोधला. तो त्याला लगेच सापडला नाही. मी दोघांच्या मध्ये शिरले आणि पायरी, पायरी, असं म्हणत त्यांना खाली आणलं.

पुढच्या रविवारी हेरंबने पडदे बाजूला सारून खिडक्या सताड उघडल्या. देवेश बिचकत आला. हेरंबने त्याला दीपगृहाची मालिका तमिळमध्ये लावायला सांगितली. देवेशने ती आपल्या मोबाइलवरून टीव्हीला जोडली. तो काही विनोद करील असं मला वाटलं. त्याने केला नाही.

मुलगी तमिळ बोलू लागली. हेरंबचा चेहरा आवळला. तो तिच्याकडे बघत होता. मग नजर हळूहळू समुद्रावर नेली, खडकांवर नेली, आभाळावर नेली. एखादी भिंत हाताने चाचपावी तसं तो चित्र चाचपत होता. मुलीच्या हनुवटीवर तीळ होता. त्याने तो आम्हाला दाखवला.

"आवाज खोटा आहे," तो म्हणाला.

देवेशने विचारलं, बंद करू का?

"नको," हेरंब म्हणाला. त्याने मान वळवली नाही. "चालू दे."