तामाङमधला ङ

लग्नात ताटभर तांदळावर वाल्मिकने अंगठीने नाव लिहिलं : पुष्पावती. नाव त्याच्या आईने, छबूबाईने निवडलेलं. नवरी नेपाळची, तिला काय वाचता येणार, असं मांडवात सगळ्यांनी धरून चाललं होतं. पण नेपाळीची अक्षरं आपलीच. नवरीने नाव वाचलं, तळहाताने तांदूळ सारखे केले आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "लायसन मनमायाच्या नावावर आहे. दुसरं नाव नको."

मांडव हसला. छबूबाई हसली नाही. त्या दिवसापासून ती सुनेला पुष्पे म्हणू लागली, आणि सुनेने त्या नावाला ओ दिली नाही. सासू ओट्यावरून हाका मारी, सून भाकरी थापत राही. शेवटी सासू "अगं ए" म्हणाली, की आतून येई, "हजुर."

हजुर ती सगळ्यांनाच म्हणायची. सासूला, दूधवाल्याला, दारात आलेल्या पोरांनाही. गावाला वाटलं, पोरगी गरीब आहे. गावाचा तेवढा अंदाज चुकला.

मनमाया तामाङने काठमांडूत आधी सफा टेम्पो चालवला. तिकडे टेम्पो म्हणजे बॅटरीवर चालणारी तीनचाकी, दाटीवाटीने माणसं भरलेली. पुढे मायक्रोबस चालवली, घाटातल्या रस्त्याने, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. वाल्मिक इकडून कांद्याचा ट्रक घेऊन तिकडे जायचा. एकदा त्याने ट्रक तिच्या स्टँडवर आडवा लावला. तिने हॉर्न दाबून धरला. तो उतरून भांडायला आला आणि चहा पिऊन गेला. पुढच्या खेपेला ट्रक लांब लावून, चालत आला.

लग्नाला वर्ष होत आलं आणि वाल्मिकच्या कमरेची गादी सरकली. डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं. दारात पिकअप उभी. नेवाशाच्या आसपासच्या गावांतून घोडेगावच्या बाजाराला जनावरं पोचवायची, हा त्या गाडीचा धंदा. गाडी उभी राहिली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, आणि गेलेलं परत येत नाही.

"गाडी इकून टाकू," छबूबाई म्हणाली.

"मी चालवते," मनमाया म्हणाली.

"म्हशी न्यायच्यात. मानसं न्हाईत."

"माणसं जास्त अवघड असतात, आत्याबाई. उतरताना भांडतात."

वाल्मिक सतरंजीवर पाठ टेकून पडला होता. तो म्हणाला, "आये, चालवू दे. माझ्यापेक्षा बरी चालवती." छबूबाईने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने कूस बदलली.

पहिल्या शुक्रवारी छबूबाई स्वतः केबिनमध्ये बसली. राखणीला. मागे एक दुभती म्हैस आणि तिचं रेडकू, मागच्या फळीला धरून म्हशीचा मालक सहादेव. मनमायाने चपला काढून अनवाणी पायाने क्लच दाबून पाहिला. निघताना गाडीने हिसका दिला नाही. उभं जनावर नेणं म्हणजे त्याच्या चार पायांचा विचार आपल्या एका पायाने करणं. वळण यायच्या आत वेग उतरला पाहिजे, वळणावर नव्हे. हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. मायक्रोबसमधल्या उभ्या माणसांवर तिचा हात बसलेला होता. छबूबाईने वरची कडी धरली होती, ती फाट्याच्या अलीकडे सोडली.

फाट्यावर हवालदार सूर्यभान उभे होते. बाई चालवते म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप वर गेला.

"लायसन."

मनमायाने प्लास्टिकमध्ये घातलेला कागद दिला. तिकडे छापील कार्ड मिळायला फार दिवस लागतात, तोवर शिक्क्याचा कागद चालतो. कागदावर मराठीसारखीच अक्षरं होती, म्हणून हवालदार खूश झाले आणि मोठ्याने वाचू लागले.

"सवारी चालक अनुमतिपत्र. म्हंजी सवारी न्यायची परवानगी. मागं तर म्हैस हाय."

"सवारी म्हणजे गाडी, हजुर."

"बरं. नाव, मनमाया ताम... तामाड. हा ड असा का? बाजूला टिंब पडलंय. शाई सांडली का?"

"ङ आहे, हजुर."

"आं?"

"ङ."

हवालदारांनी नाद सोडला आणि कागदावरची खालची ओळ धरली. तिथे मात्र त्यांचा चेहरा पालटला. "दिल्याची तारीख, दोन हजार ऐंशी. बाई, हे लायसन अजून निघायचं हाय. आपण सगळे मेल्यावर निघंल."

"आमच्याकडे आता ब्याऐंशी चालू आहे."

"तुमच्याकडं? मग नेपाळ लईच पुढं गेलं की."

सहादेव मागून ओरडला, "साहेब, म्हैस उन्हात हाय. वर्षं नंतर मोजा."

शेजारी चहाची टपरी होती. तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मनमायाने बोट केलं. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं : विक्रम संवत २०८२. हवालदारांनी जवळ जाऊन वाचलं, चहावाल्याला वाचायला लावलं, मग पुन्हा स्वतः वाचलं.

"म्हंजी दिवाळी पाडव्याला येपारी वह्या पूजत्यात, त्ये साल," ते म्हणाले. "बरं. तारीख जुळली." ते परत आले आणि केबिनमध्ये डोकावले. "मावशी, ही कोन तुमची?"

"सून."

"नाव काय तिचं?"

"पुष्पावती," छबूबाई म्हणाली.

तिने मुद्दाम म्हटलं नाही. जीभ वळलेली होती, तशी गेली. पण एकदा गेल्यावर माघारी घ्यायची तिला सवय नव्हती. मनमायाने तिच्याकडे पाहिलं. छबूबाई समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिली.

"कागदावर मनमाया, सासूच्या तोंडात पुष्पावती," हवालदार म्हणाले. "मग हे लायसन कुनाचं? आन् भाईरच्या देशाचं लायसन मालाच्या गाडीला चालतं का, त्ये मला ठावं न्हाई. साहेबांना इचारीन. तवर दुसरा डायव्हर आना. तुमी इथून गाडी हलवायची न्हाई."

सहादेवने फोन करून एक पोरगेलासा डायव्हर बोलावला. मनमाया मागे म्हशीजवळ उभी राहिली. डायव्हरने गाडी काढली ती हिसक्याने. बाजाराच्या वळणावर त्याने वेगात असतानाच ब्रेक मारला. म्हैस पुढच्या गुडघ्यांवर आली, रेडकू तिच्या खाली जाता जाता मनमायाने शेपटीला धरून ओढलं. म्हशीचे गुडघे सोलले. सोललेल्या गुडघ्यांच्या जनावराकडे गिऱ्हाईक दुरूनच बघतं. सहादेव म्हैस घेऊन आला तसा परत गेला. जाताना छबूबाईला म्हणाला, "येताना सुनंनं बशीतल्या पान्यासारखी आनली हुती. तुज्या तोंडानं पाडली."

छबूबाई घरी आल्यावर जेवली नाही.

सोमवारी सकाळी तिने नवं लुगडं नेसलं. "चल. आरटीओला."

ऑफिसातल्या क्लार्कने कागद उलटसुलट केला. असा कागद त्याच्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता, आणि त्याने तसं सांगितलंही. "नियम बघत बसण्यापेक्षा इथलंच लायसन काढा. लर्निंग, मग ट्रायल, सगळं पहिल्यापासून." बाहेर एजंट उभा होता. म्हणाला, वहिनी, सही करा, घरी बसा, कार्ड दारात येईल.

"घरी बसायला लायसन कशाला?" मनमाया म्हणाली.

ती पहिल्यापासून शिकली. परीक्षेचं पुस्तक मराठी होतं, ते तिने चुलीपुढे मोठ्याने वाचलं. ळ तिच्या तोंडात बसत नसे, वळणाचं वलण होई. छबूबाई भाकरी उलटत दुरुस्त करी. "वळण. जीभ वर ने. वर." मनमाया जीभ वर नेई. मग म्हणे, "आता तुम्ही म्हणा. ङ."

"मला काय करायचाय?"

"नाक बंद न करता म्हणा."

छबूबाई म्हणत नसे.

ट्रायलच्या दिवशी मनमाया पहिल्या खेपेला नापास झाली. वळताना तिने खिडकीतून हात बाहेर काढून दाखवला, वळायचा दिवा लावला नाही. घाटात हातच दिसतो. ट्रायल घेणारे साहेब म्हणाले, दिवा. ती वाद न घालता घरी आली, आणि पुढच्या तारखेपर्यंत अंगणात उभ्या गाडीत बसून दिवा लावत राहिली. दुसऱ्या खेपेला पास झाली.

कार्ड टपालाने आलं. छबूबाईने पदराने पुसून डोळ्यांजवळ धरलं. सगळं इंग्रजी. ती चौथी शिकलेली, तिला त्यातलं एक अक्षर लागेना.

"तिकडचं लायसन मला वाचता येत हुतं," ती म्हणाली. "आपलं येईना. काय लिवलंय?"

"मनमाया तामाङ."

"ङ कुठाय ह्यात?"

"इंग्रजीत ङ नाही, आत्याबाई. दोन अक्षरं मिळून काम भागवतात."

छबूबाईने कार्ड परत दिलं. "मग त्यो कागद बी संगं ठेव."

पुढच्या शुक्रवारी फाट्यावर सूर्यभान हवालदारांनी पुन्हा हात केला. मागे सहादेवची म्हैस होती, गुडघे भरून आलेली. दुसऱ्या गाडीत घालायला तो तयार नव्हता. मनमायाने आधी तो शिक्क्याचा कागद काढून दिला.

"अगं, इथलं निघालं न्हवं? त्ये दे."

"ते पण देते. पण गाडी ह्याच्यावर चालवायला लागले, हजुर. आधी हे बघा."

हवालदारांनी दोन्ही बघितली. मग जुनी खोड म्हणून केबिनमध्ये वाकले. "मावशी, आज काय नाव सुनंचं?"

छबूबाईने पदर सावरला.

"मनमाया," ती म्हणाली. "मनमाया तामाङ."

ङ नाकातून खणखणीत आला.

"काय म्हनला?"

"क ख ग घ ङ. शाळेत छड्या खाऊन पाठ केला, आन् जलमभर कुठं कामाला आला न्हाई. आज आला." तिने समोर बोट केलं. "साहेब, बाजूला व्हा. म्हैस उन्हात हाय."

मनमायाने उजवा दिवा लावला आणि गाडी काढली. म्हशीला कळलंही नाही.