शेंडी नसलेला नारळ

आम्ही तुमच्याकडे हवाईला आलो तेव्हा धाकट्याला दात येत होते, त्यामुळे त्याला काहीच आठवणार नाही. थोरलीला आठवत असेल, पण तिच्या बाजूने. माझ्या, म्हणजे तुमच्या आजीच्या, बाजूचं इथे लिहून ठेवते.

महिनाभरातच तुमच्या आजोबांनी परत जायचं काढलं. आमच्या गावी, सापगावला, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, जवळ आली होती. तुमचा मामा 'मी बघतो सगळं' म्हणत होता, पण खरी अडचण आवणीची नव्हतीच. तुमच्या घरी त्यांच्या हातांना काम नव्हतं. चहा आयता, जेवण आयतं, गाडीत कुणीतरी बसवायचं, कुणीतरी उतरवायचं. दिवसभर खिडकीशी बसत. विचारलं तर म्हणत, "काय नाय, बरा हाय मी." थोरलीचा शाळेतला नाच मात्र पुढच्या महिन्यात होता, आणि आजोबा तो न बघताच जाणार म्हणून ती कासावीस झाली होती. त्यांचं मन रमावं म्हणून तिने त्या बेटांवरच्या जुन्या वस्तूंच्या म्युझियमला जायचा बेत केला. "आजोबा, तिथे इथले जुने देव आहेत," असंही सांगितलं.

झालं. आदल्या संध्याकाळी आजोबा तुमच्या आईबरोबर बाजारात जाऊन नारळ घेऊन आले. दुकानदाराने त्याची शेंडी साफ तासून टाकलेली. "असा बोडका नारळ देवाला कसा द्यायचा?" म्हणून जेवतानाही कुरकुरले. पण सकाळी तो पिशवीत घातलाच. देवाकडे रिकाम्या हाताने ते कधी गेलेले नाहीत.

म्युझियममध्ये मी पाट्या वाचत, क्रमाने बघत होते: राजांचे पिसांचे झगे, माशांचे गळ, छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा. अळवाचे कांदे कुटायच्या दगडापाशी आजोबा थांबले. "आपल्या वरवंट्याचा भाऊ हाय," म्हणाले. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

पुढे माणसाहून उंच, तोंड वासलेला लाकडी देव होता. सिद्धगडाच्या पायथ्याशी आजोबांच्या आजोळी लाकडात कोरलेला वाघोबा आहे. त्याच्यासमोर थबकतात तसेच ते थबकले. चपला काढून भिंतीशी ठेवल्या आणि पिशवीत हात घातला.

"आजोबा, इथे शूज नाही काढायचे," थोरली कुजबुजली.

"मग पायताण घालून उभा ऱ्हाऊ याच्यासमोर? तू पण काढ गो."

तिने काढले.

"अहो, हे देऊळ नाही," मी म्हटलं.

"देऊळ नसंल. देव तर हाय ना?"

तेवढ्यात तिथली पहारेकरीण आली. माझ्याच वयाची, मूळ त्या बेटांवरचीच. मी मनातल्या मनात इंग्रजीत माफीची वाक्यं जुळवायला लागले. पण तिने आधी चपला बघितल्या, मग आजोबांच्या हातातला नारळ, आणि थोरलीलाच विचारलं, "हे कुठून आले?" थोरलीने सगळं सांगितलं, वाघोबासकट. बाई म्हणाल्या, घरी आम्हीही दाराबाहेरच चपला काढतो, पण इथला नियम आहे, घाला. आणि नारळ आत फोडता येणार नाही; मागच्या अंगणात चला.

अंगणात अळू लावलेलं होतं. तिथल्या एका दगडावर, बाईंनी मान हलवल्यावर, आजोबांनी दोन ठोक्यांत नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे केले, पहिला बाईंच्या हातावर ठेवला. मग थोरलीची ओंजळ भरली आणि तिला पिटाळलं, "जा, समद्यांना दे. कोनाला वगळू नको." बाकावरचे पाहुणे, झाडं छाटणारा माळी, सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांची रांग, सगळ्यांना ती देत सुटली. आजोबा मागून ओरडत होते, "अगो, त्या टोपीवाल्या म्हातारीला राहिला."

मी त्यांच्याकडेच बघत होते. सापगावला आपल्या दारातून माणूस काहीतरी हातात घेतल्याशिवाय जात नाही, काकडी म्हणा, मूठभर पोहे म्हणा. महिनाभर ते नुसते घेत होते. आज पहिल्यांदा त्यांनी कुणाला काही दिलं होतं.

संध्याकाळी मामाचा फोन आला. "बाबा, कवा निघताव? तुमी नसलात का माणसं माझं ऐकत नायत."

"बांधावरून सांगशील तर कशाला ऐकतील? चिखलात उतर."

"म्हंजे तुमी येत नाय?"

"नाच झाला का येतो."

"नाच? तुमी नाचताव का काय?"

"गप रे. पोर नाचणार हाय."

थोरली दाराआड उभी होती. मामाशी बोलणं संपायच्या आतच ती येऊन त्यांच्या मांडीवर बसली, आणि त्यांना फोन दुसऱ्या कानाला लावावा लागला.