मधली जागा

चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास आला की मला पडेगावचा आमचा कथकचा वर्ग आठवतो. बाईंनी आम्हा सात मुलींवर एक नाच बसवला होता. त्यात राधा नव्हती, कृष्ण नव्हता, गोष्टच नव्हती, नुसती लय आणि एक सरळ रांग. त्या रांगेत मधोमध नाचणारी माझी मैत्रीण डेंग्यूनं आठवड्यात गेली. कार्यक्रम तोंडावर आला होता, म्हणून बाईंनी डोळे पुसत आम्हाला जवळ सरकवलं आणि तिची जागा बुजवली. त्याच तालमीला तिचे वडील आले, वाळूजच्या कंपनीच्या गणवेशातच, हातात तिचे घुंगरू. वर्गाचे घुंगरू घासून परत करायची आमच्याकडं पद्धत होती, तशी त्यांनीही ते चिंच लावून लख्ख केले होते. दोरी अजून ओलीच होती. रांगेकडं बघत ते म्हणाले, “बाई, माझी पोरगी इथं मधी उभी राहायची, व्हय ना?” बाईंनी हात वर करून तबला थांबवला. “सरका गं पोरींनो,” एवढंच म्हणाल्या. आम्ही पुन्हा बाजूला सरकलो, मधली जागा मोकळी झाली, आणि नाच तेव्हापासून तसाच राहिला. आता तो वर्ग मी घेते. परवा एका मुलीच्या आईनं विचारलं, “मॅडम, मधी कुणीच कसं नाही? काय गोष्ट आहे याची?” मी म्हणाले, “या नाचाला गोष्ट नाही, ताई.” समोर माझ्या चिमुरड्या त्या मोकळ्या जागेला वळसा घालत नाचत होत्या, तिथल्या कुणाला धक्का लागू नये तशा.