गुडघ्यामागचा फुगा

स्वतःच्या गुडघ्याची मागची बाजू कुणी पाहत बसत नाही. मीही चाळिशीपर्यंत पाहिली नव्हती. कर्जतजवळ पोशीर गावात आमची भातशेती. चिखलणीच्या दिवसांत मी नांगर धरायचो आणि मागून बायको बांध लिंपत यायची. तिनंच एकदा हटकलं, "अवो, तुमच्या गुडघ्यामागं लिंबाएवढं काय आलंय?" मी बांधावर बसून चाचपलं, तर हाताला काहीच लागेना. तिचीच थट्टा केली आणि विषय संपवला.

त्याच पावसाळ्यात छातीत कळ आली, दम लागला, थुंकीतून रक्त पडलं. कर्जतच्या डॉक्टरांना टीबीची शंका आली. जरा बरं वाटतंय तोवर पुन्हा तेच, आधीपेक्षा वाईट. मग मुंबईला मोठ्या इस्पितळात गेलो. तिथं स्पष्टच सांगितलं, की रक्ताची गुठळी कुठून तरी फुप्फुसात जाऊन अडकतेय. ती कुठून येते ते सापडलं नाही, तर पुढच्या खेपेला जीव जाईल. गुठळ्या बहुधा पायातून येतात, म्हणून मला टेबलावर झोपवून दोन्ही पाय तपासले. काही नाही.

"सायब, त्यांना उभं करा," बायको म्हणाली.

"तू गप गं! डॉक्टरांना शिकवतेस?" मी खेकसलो. मरायला टेकलो होतो, पण मिजास गेली नव्हती.

ती माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, "झोपलं की गाठ जाते, उभं राह्यलं की येते. मी रोज बगते."

त्यांनी मला उभं केलं. गुडघ्यामागं बोट टेकवलं, तर मऊ गाठ हाताला लागली. नंतर शिरेत औषध सोडून फोटो काढले. शीर एका जागी फुगली होती आणि त्या फुग्यात गुठळ्या साचत होत्या. असा पेशंट त्यांनीही कधी पाहिला नव्हता. शिकाऊ डॉक्टरांची रीघ लागली. माझा गुडघा मुंबईत एवढा भाव खाईल असं मला वाटलं नव्हतं.

ऑपरेशनची भीती वाटली, खोटं कशाला सांगू? फुगलेला भाग कापून त्यांनी शीर शिवली. काही दिवसांनी मला वॉर्डातच उभं केलं आणि डॉक्टर बायकोला म्हणाले, "बाई, आता तुम्हीच बघा."

ती माझ्या मागं खाली बसली. तिनं गुडघ्यामागं बोटांनी नीट चाचपून पाहिलं. 

"नाय," ती म्हणाली. "काय नाय आता."

आमच्याकडे बायकोचं कौतुक कुणी चारचौघांत करत नाही. मी भरल्या वॉर्डात मोठ्यानं सांगितलं, "ही नसती तर मी मेलो असतो." आणि तिच्याआधी मीच रडलो.