आपला गडी गेला

आमच्या घरात माझ्या आधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. वडील सेनगावकडं दुसऱ्याच्या शेतात सालगडी, आई खुरपणाला. कोरडी भाकर पाण्यात भिजवून खाल्ली आणि त्यातून मी बी.एस्सी. झालो. हे मी खाली मान घालून सांगत नाही.

शिकताना आखाडा बाळापूरला खोली करून होतो. घरमालक निवृत्त ग्रामसेवक, साठी ओलांडलेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मी, शिरड शहापूरचा माझा रूम पार्टनर आणि काका, तिघं रोज संध्याकाळी ओसरीवर पत्ते खेळायचो. पाच-तीन-दोन. हरले की काका पानं भिरकावून उठायचे. असली आमची दोस्ती.

पुढं एका ठिबक कंपनीनं आम्हा दोघांना दोन वर्षांसाठी केनियाला पाठवलं. काकांची पत्रं यायची. तिकडं तूर होते का, बैल कसे असतात, तिसरा गडी भेटला का. मी बसून उत्तरं लिहायचो. मधे मित्राला मलेरिया झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं, ते कळवलं. तो बरा झाला, तेही पुढच्या पत्रात कळवलं.

त्यावर काकांचं उत्तर आलं ते असं: "जे झालं त्याला इलाज नाही. आपला गडी गेला. तू खचू नको. त्याच्या माउलीला मी अजून काही बोललो नाही, पण किती दिवस दडवू? येत्या अमावास्येला शिरडला जाऊन सांगतो."

मी दोनदा वाचलं. ज्याची माउली शिरडला, तो समोर कांदा चिरत बसला होता.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"तू."

"मी? कधी?" तो हसला. मग सुरी खाली ठेवून म्हणाला, "अरे, आई मरंल माझी हे ऐकून."

दोघांनी डोकं खाजवलं. बरा झाल्याचं स्वच्छ लिहिलेलं असताना माणूस मेला कसा? पत्र दुसऱ्याच कोणाच्या हाती पडलं? काकांचं डोकं फिरलं? अमावास्या दोन दिवसांवर होती. सकाळीच शहर गाठलं आणि बाळापूरच्या एसटीडीवर फोन लावला. बूथवाल्यानं काकांना बोलावून आणलं. मी फोन सरळ मित्राच्या हातात दिला आणि कान लावून उभा राहिलो.

"काका, मी बोलून राहिलो. जित्ता हाव."

पलीकडून काका म्हणाले, "काहून थट्टा करता रे म्हाताऱ्याची? आवाज कुनीबी काढतंय."

"मग ऐका. पोळ्याच्या दिवशी तुमी बदामची राणी मांडीखाली दडवली व्हती."

"दडवली न्हाई! पडली व्हती!" काका इतक्या जोरात ओरडले की बूथमधली माणसं हसलेली आम्हाला इथं ऐकू आली. मग त्यांचा आवाज फुटला. "लेकरा... मंग पत्राचा कोपरा काहून फाडला?"

कोपरा कोणी फाडला? मग माझ्या ध्यानात आलं. पाकिटावर मी हत्तीचं मोठं तिकीट लावलं होतं. वाटेत कोणाला तरी ते आवडलं असेल, त्यानं कोपऱ्यासकट ओरबाडून नेलं. आणि आमच्याकडं कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताची बातमी.

"पर काका, आत काय लिहिलंय ते तरी वाचायचं!" मित्र म्हणाला.

"तसलं पत्र मी कदी घरात घेतलं न्हाई. आन तुजं मरान वाचायची हिंमत व्हईना. उंबऱ्याभाईरच फाडून टाकलं."

तिकीट कोणी काढलं ते आजवर कळलेलं नाही. काका शिरडला गेले नाहीत. मित्राच्या आईच्या कानावर ती बातमी कधीच पडली नाही, आणि दोन वर्षांचं काम पुरं करून आम्ही दोघंही धडधाकट परत आलो.