कोट कुणाचा?

माझ्या वहिनीचं मुंबईला जाणं बाबांनी इंग्रजी व्याकरणावर टांगून ठेवलं होतं. बाबा शाळेत इंग्रजी शिकवून पेन्शनीत गेलेले. शिकवायला कुणी उरलं नाही म्हणून त्यांनी सून धरली. "इंग्रजी आल्याशिवाय सूनबाई बोटीवर चढायची नाही," असा त्यांचा हुकूम. आईला तो फारच पसंत होता, कारण सून गेली की विहिरीवर तिलाच जावं लागणार. तिकडे दादा खानावळीत जेवून वाळत चाललेला, आणि इकडे पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला आलेल्या. आता राहिली की वहिनी नारळी पौर्णिमेपर्यंत इथेच.

अनेकवचनं तिने चुलीपाशीच पाठ केली. एक मँगो, दोन मँगोज. पण फिश मात्र टोपलीभर आणले तरी फिशच. "साहेबाला मासळीबाजारात कुणीही फसवील हो वन्सं," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी हसत सुटायचो.

षष्ठी विभक्तीची परीक्षा बाबांनी पडवीत घेतली. घरातले जिन्नस समोर मांडून एकेक कुणाचा ते विचारायचं. "काऊज दावं. मदर-इन-लॉज विळी," वहिनी धडाधड सांगत गेली. बाबांनी चालवून घेतलं. विळीचं इंग्रजी त्यांनाही येत नसणार. मग त्यांनी दादाचा जुना कोट पुढे केला. "हूज कोट? नावानिशी सांग."

नवऱ्याचं नाव वहिनी फक्त उखाण्यात घ्यायची, आणि इंग्रजी उखाणा काही बाबांनी शिकवला नव्हता. मला त्यांचा असा राग आला!

"सुनेला नाव घ्यायला लावता? हे काय भलतंच?" आई आतून कडाडली.

"मग नापास," बाबा म्हणाले.

वहिनीने पदर सावरला आणि ठासून म्हणाली, "मदर-इन-लॉज सन्स कोट."

बाबा उडालेच. एका दमात दोन षष्ठ्या! आई बाहेर आली. "काय म्हणाली?"

"सासूबाईंच्या मुलाचा कोट," मी सांगितलं.

"फादर-इन-लॉचा कुणीच नाही वाटतं तो," बाबा कुरकुरले. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. कोटाची कोपरं विरली होती. आई त्यांवरून हात फिरवत राहिली. मग तिने तो वहिनीच्या हातात दिला.

"अगो, माझ्या लेकाचा ना? मग तूच नेऊन दे त्याला."

वहिनी बोटीत बसली तेव्हा मला रडू आवरेना. विहिरीवर आई जाऊ लागली, आणि बाबांना शिकवायला मी उरले.