शोकेसमधला कॉम्प्युटर

नंदा काल गेली. आणि आज सकाळी तिच्या थोरल्या दिरांची पोस्ट बघून मला शिसारी आली.

फोटो जुना, नव्वदच्या दशकातला. उंब्रजच्या घरातला.

मधोमध हेच दीर, दादा. सगळं गाव त्यांना दादा म्हणतं, आपणही म्हणू. हातात कात्री, पुढे लाल रिबीन. मागे शोकेस, शोकेसमध्ये कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला झेंडूचा हार.

कडेला आरतीचं ताट धरलेला एक हात दिसतो. तो नंदाचा.

बाकीची नंदा फोटोत नाही.

खाली लिहिलंय, 'गावातला पहिला घरगुती कॉम्प्युटर आमच्या घराण्यानं आणला. त्यात नंदाचाही वाटा होता.'

वाटा!

अहो, पाटल्या तिनं मोडल्या होत्या. कॉम्प्युटरचा एकेक पार्ट तिनं निवडला होता. मी शेजारी उभी होते.

कराडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघी बरोबर शिकलो. तिचा नवरा फौजेत, सासू अंथरुणाला खिळलेली. बाहेर नोकरी करणं शक्यच नव्हतं. म्हणून तिनं काम घरी आणायचं ठरवलं. कराडच्या एका प्रेसचं टायपिंग.

क्लासनं टाकून दिलेलं एक जुनं मशीन माझ्याकडे होतं. त्यावर मी बसणार, नव्यावर ती. दोन्ही वायरनं जोडायची आणि सगळ्या फायली नव्या मशीनवर ठेवायच्या. म्हणजे कामाचं मशीन तेच आणि सर्व्हरही तेच.

"एवढं सगळं ठेवणार कुठं गं?" मी विचारलं.

"सासूबाईंच्या खाटंजवळ कोनाडा हाय की. शेजारी खिडकी, वारं येतंय. काम बी हुईल आन त्यांच्याकडं लक्ष बी ऱ्हाईल."

आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. दुकानदारानं कॉम्प्युटरची कमरेएवढी उभी पेटी, टॉवर म्हणतात ती, पुढे ओढली.

"ताई, ह्यो घ्या. लय भारी दिसतोय. एवढुशी पेटी बघून लोक हसतील."

"हसूद्यात. कोनाड्यात मावली पायजे."

तिनं लहान आडवी पेटी वितीनं मोजली. सीडी ड्राइव्ह नको म्हणाली, स्पीकर नको म्हणाली. त्याऐवजी रॅम वाढवून घेतली, मोठी हार्ड डिस्क घेतली, नेटवर्क कार्डं घेतली. आणि शेवटी म्हणाली, "ह्यात आजून एक पंखा बसवा. ल्हान पेटी लय तापती."

"एकदा सायबांना इचारून घ्या की."

"सायेब बॉर्डरवर हायत. त्यांना इचारल्याबिगर पंखा फिरत न्हाई व्हय?"

एसटीत ती पेटी मांडीवर घेऊन बसली होती. इतकी खूश नंदा मी नंतर कधी पाहिली नाही.

कोनाड्यात मशीन झकास चाललं. प्रेसवाले खूश. मग एक दिवस दादांचं लक्ष गेलं.

"एवढी भारी वस्तू, आन मोरीशेजारच्या कोनाड्यात?"

त्यांनी बाहेरच्या खोलीत शोकेस करून घेतलं. काचेचं दार, दाराला कुलूप. मागे भोक पाडून वायरी बाहेर काढल्या. मॉनिटर आणि कीबोर्ड टेबलावर, पेटी काचेआड. मग रिबीन, हार, फोटो.

"दादा, आत गरम हवा कोंडेल," मी म्हणाले.

"मॅडम, धूळ गेली तर? आन पावण्यारावळ्यांनी बघायला नगं व्हय?"

किल्ली त्यांच्या करगोट्याला. ते दिवसभर साखर कारखान्यात कामावर.

दुपार झाली की मशीन हँग. भिंतीचं बटण बंद करून ठेवलं तरी काचेआड ते निवायचं नाही. प्रेसला काम द्यायला फ्लॉपी घालायची तरी किल्ली लागायची, कारण माझ्या मशीनचा फ्लॉपी ड्राइव्ह कधीच मेलेला. नंदा किल्ली मागायची आणि दादा म्हणायचे, "बघू रविवारी."

स्वतःच्या कॉम्प्युटरला हात लावायला ही बाई दिराची वाट बघायची. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

मग एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आला. प्रेसवाले म्हणाले, हा वेळेत द्या, वर्षभराचं काम तुम्हालाच. आम्ही दोघी जिवाचं रान करून टाईप करत होतो. द्यायच्या दिवशीच दादा शिराळ्याला लग्नाला गेले. किल्लीसकट.

भर दुपारी स्क्रीन गोठला. काचेआडून कट-कट आवाज यायला लागला.

आतून सासूबाईंनी हाक मारली. नंदा गेली, त्यांना पाणी पाजलं आणि येताना वरवंटा घेऊन आली.

"नंदे, थांब."

"आजून किती थांबू गं?"

एका घावात काच खाली. मनगटातून रक्त. पेटी बाहेर ओढली तर तव्यासारखी तापलेली. डिस्क गेली होती आणि तिच्याबरोबर अख्खा अहवाल. प्रेसनं काम दुसऱ्याला दिलं.

संध्याकाळी दादा आले. तिच्या हाताला बांधलेलं फडकं त्यांना दिसलं नाही.

"काच फोडली?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून नवी काच बसवली. डिस्क मात्र कुणी बदलली नाही.

मेलेली पेटी पुन्हा शोकेसमध्ये गेली. दर दसऱ्याला तिला हार घालायचे. पाहुण्यांना दाखवायचे. थू!

आणि नंदा? सासूबाई गेल्यावर ती कराडला एसटीनं ये-जा करून आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीनवर बसली.

काल मयतीतसुद्धा एक बाई मला म्हणाली, "चांगली हुती, पर लय तापट. काच फोडली हुती न्हवं?"

दादांच्या पोस्टखाली 'भावपूर्ण'ची रांग लागलीय. त्या रांगेत मी नाही.

माझी दोन ओळींची श्रद्धांजली इथंच.

नंदे, शेवटचा नमस्कार गं.

काच फोडलीस ते बरंच केलंस.